जखमेचा अर्थ : दहशतवाद्याच्या घडणीचे चित्रपटीय नाट्य

एखाद्या कृत्याचे कारण सांगणे म्हणजे त्या कृत्याचे समर्थन करणे नव्हे, हा भेद तर्काच्या पातळीवर निर्विवाद आहे. न्यायालयात, इतिहासलेखनात, समाजशास्त्रात तो कमीअधिक काटेकोरपणे पाळलाही जातो. नाट्यात मात्र तो टिकवणे अवघड होऊन बसते, आणि ही अडचण नाटककाराच्या किंवा दिग्दर्शकाच्या हेतूतून उद्भवत नाही. ती रूपबंधातच असते. ॲरिस्टॉटलने कथानकाकडून अशी अपेक्षा केली होती की, एका घटनेपाठोपाठ दुसरी घटना नुसती येऊ नये. ती पहिलीमुळे यावी, तिच्यात अपरिहार्यता असावी, निदान संभाव्यता तरी असावी. चांगल्या कथानकाचा हा गुण आहे. पण ज्या कथानकाचा शेवट भरवस्तीत ठेवलेल्या बॉम्बने होतो, तेथे हाच गुण शंकास्पद ठरतो. कथानकाला लाभलेली अपरिहार्यता नकळत कृत्याला चिकटते. चित्रपट संपताना प्रेक्षक ‘हे योग्य झाले’ असे म्हणत नसेल. ‘याखेरीज दुसरे काय होणार होते?’ असे मात्र तो म्हणतो. या दुसऱ्या उद्गाराचे नैतिक मोल काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

अशा चित्रपटांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप याहून वेगळा आणि बराच उथळ आहे. मारेकऱ्याला मानवी चेहरा दिला, त्याच्याविषयी सहानुभूती निर्माण केली, म्हणून चित्रपट दोषी, असा तो आक्षेप. तो मान्य करायचा तर शोकात्मिकेचा बराच मोठा भाग निकालात काढावा लागेल. मॅक्बेथविषयी कणव वाटल्यामुळे डंकनच्या खुनाचे समर्थन करणारा वाचक कोणी पाहिलेला नाही. याचे एक कारण असे की, खून करावा की करू नये याचा मॅक्बेथने केलेला विचार शेक्सपिअर वाचकापासून लपवत नाही. तो एकदा मागे फिरतो, त्याला पुन्हा उभे केले जाते, आणि तो कोणाच्या बोलण्याने उभा राहतो हेही दिसते. दुसरा मार्ग होता, हे नाटक सतत जाणवू देते. सहानुभूती आणि जबाबदारी तेथे एकत्र नांदतात. तेव्हा सहानुभूतीला दोष देऊन भागणार नाही. ती कोणत्या रचनेत बसवली जाते ते पाहावे लागेल.

‘दहशतवादी’ हा शब्द वापरताना मराठी अभ्यासक थोडा अडखळतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू मराठी स्मृतीत क्रांतिकारक आहेत. सरकारी दप्तरात ते खुनी होते. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी १९७९ साली त्याच तारखेचे नाव देऊन चित्रपट केला. आपल्याच समाजातील निःशस्त्र माणसांना राजकीय हेतूने ठार मारणारा, असा ‘दहशतवादी’ या शब्दाचा मर्यादित अर्थ घेतला तर चापेकर त्यात बसत नाहीत, आणि तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजनही नाही. परंतु त्यांच्या निमित्ताने एक गोष्ट लक्षात येते. त्यांची कथा प्लेगच्या घरझडत्यांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त निराळा क्रम सांगते : सुधारकांविषयीचा द्वेष, तरुणांची जमवाजमव, मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला फासलेले डांबर हे सारे त्या झडत्यांच्या आधीचे आहे. संताप आधीच होता. प्लेगने त्याला लक्ष्य मिळवून दिले. लोककथेला मात्र झडत्यांपासूनच सुरुवात करणे सोयीचे वाटते, कारण तेथे एक जखम आहे आणि जखम सर्वांना कळते.

हिंदी चित्रपटाने हा प्रघात नियमाच्या पदवीला नेऊन पोचवला. गुलजार यांचा ‘माचिस’ (१९९६), मणिरत्नम यांचा ‘दिल से’ (१९९८), खालिद मोहम्मद यांचा ‘फिज़ा’ (२०००) हे एकमेकांपासून पुष्कळ भिन्न प्रकृतीचे चित्रपट. तरीही प्रत्येकात दहशतवादाच्या मुळाशी एक वैयक्तिक आघात आहे. ‘दिल से’मधील मेघनावर बालपणी सैनिकांनी केलेला बलात्कार, ‘फिज़ा’मधील अमानचे मुंबईच्या दंगलीत उद्ध्वस्त झालेले तारुण्य. ‘माचिस’मधील आघात या सर्वांत अधिक कसबाने रचलेला आहे. पंजाबातील एका खेड्यात पोलीस जिमी नावाच्या माणसाचा शोध घेत येतात. जस्सी थट्टेने त्यांना जिमी नावाच्या कुत्र्यापुढे नेऊन उभा करतो. या थट्टेची किंमत म्हणून तो पोलीस कोठडीतून मोडून परत येतो. त्याचा जिवलग मित्र कृपाल हत्याराच्या शोधात घर सोडतो. पुढे जस्सीची बहीण वीरांही त्याच वाटेने जाते. एका निरुपद्रवी विनोदाचे असे भयानक पर्यवसान घडवण्यात गुलजारांमधला कवी दिसतो, हे मान्यच केले पाहिजे. पोलिसी अत्याचाराविषयी त्या काळी इतक्या स्पष्टपणे बोलणारा दुसरा लोकप्रिय चित्रपट सहसा आठवत नाही.

परंतु ‘माचिस’मध्ये काय नाही याची नोंद घेतली की चित्र बदलते. त्या वर्षांत पंजाबात जो धार्मिक-राजकीय प्रचार चालू होता त्याला चित्रपटात जवळजवळ जागा नाही. सनातन हा गटाचा म्होरक्या. त्याच्या गाठीला १९४७ ची फाळणी आणि १९८४ ची कत्तल अशा दोन जखमा आहेत. तो बसमध्ये बॉम्ब ठेवतो तेव्हा त्या बसमधल्या उतारूंना मात्र ना नाव मिळते ना जखम. चित्रपटाची सहानुभूती मर्यादित आहे, हा येथला दोष नव्हे. कोणत्याही कलाकृतीची सहानुभूती मर्यादितच असते. दोष असा की, जखम हे ज्या कथेत बोलण्याचा अधिकार देणारे एकमेव प्रमाणपत्र आहे, त्याच कथेत ते काही जणांनाच वाटले जाते. शेवटी या चित्रपटांतील दहशतवादी मरतात. आरंभी जखम आणि अखेरीस मरण, अशी हिशेबाची वही बंद होते आणि प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो.

कमल हासन यांच्या ‘हे राम’ने (२०००) हा नियम अतिशय चमत्कारिक रीतीने उघडा पाडला. या चित्रपटाचा थोडा अधिक विचार आवश्यक आहे. साकेत राम हा पुरातत्त्वज्ञ. ऑगस्ट १९४६ मधील कलकत्त्याच्या दंगलीत त्याच्या पत्नीवर अत्याचार होतो, तिची हत्या होते. तो सूडाने पेटतो, स्वतः हत्या करतो, आणि त्याच रस्त्यांवर त्याची गाठ श्रीराम अभ्यंकर या मराठी माणसाशी पडते. अभ्यंकर पुढे त्याला गांधीहत्येच्या शपथेपर्यंत नेतो. दिल्लीत आल्यावर अमजद या जुन्या मित्राची भेट, अमजदचा मृत्यू आणि त्यातून रामचे परिवर्तन अशी कथा आहे. गांधींपुढे कबुली द्यावी म्हणून तो जातो. तेवढ्यात खरा मारेकरी गोळ्या झाडतो.

येथे प्रश्न असा उद्भवतो की, गांधींना ठार मारणारा माणूस इतिहासात उपलब्ध असताना, चित्रपटाने त्याच्या शेजारी दुसरा मारेकरी कल्पून त्याला नायक का केले? नथुराम गोडसे पुण्यात वृत्तपत्र चालवत होता. ‘अग्रणी’ आणि नंतर ‘हिंदुराष्ट्र’. फाळणीच्या रक्तपाताची झळ त्याच्या घराला लागलेली नव्हती. कटातील ज्या माणसाने फाळणीचे दुःख स्वतः भोगले होते तो मदनलाल पाहवा, निर्वासित. त्याने २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात स्फोट घडवला. परंतु ३० जानेवारीची गोळी त्याने झाडली नाही. जखम एकाच्या अंगावर होती आणि पिस्तूल दुसऱ्याच्या हातात होते. मधले अंतर छापील मजकुराने, सभांनी, बैठकांनी आणि सिद्धान्तांनी भरलेले होते. एखादा माणूस वर्षानुवर्षे अग्रलेख लिहीत लिहीत खुनापर्यंत पोचतो, ही घटना भयावह आहे, पण कॅमेऱ्याला ती दिसत नाही. म्हणून ‘हे राम’ने ती जखम गोडसेच्या शेजारी उभ्या असलेल्या काल्पनिक माणसाला दिली. मार्क रॉबसन यांच्या ‘नाइन अवर्स टू रामा’ (१९६३) या चित्रपटाने त्याआधी तीच गरज अधिक स्वस्तात भागवली होती; तेथे गोडसेला एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पाडले आहे. मारेकऱ्याला विचारसरणी असणे नाट्याला अपुरे वाटते. त्याला काही तरी दुखावे लागते.

‘हे राम’चे श्रेय नाकारता येणार नाही. अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला अभ्यंकर पाहताना एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते, आणि बहुधा ती दिग्दर्शकाला अभिप्रेतही असावी. जखमी राम हा रस्त्यावर भेलकांडणारा, स्वतःच्या हातांनी केलेल्या कृत्याने भेदरलेला माणूस आहे. त्याच्या दुःखाला अजून अर्थ नाही. अभ्यंकर त्याला तो अर्थ पुरवतो. अमुक टोळक्याने तुझी बायको मारली, हे विधान पुसून त्या जागी एक समाज आणि त्याला पाठीशी घालणारा एक वृद्ध माणूस ठेवतो. हे एक प्रकारचे वाचन आहे. एका विशिष्ट घटनेला सामान्य सिद्धान्ताचे उदाहरण करून टाकणारे हे वाचन माणसाने स्वीकारले की त्याच्या दुःखाची मालकी दुसऱ्याकडे जाते. सनातन हेच करतो. ‘ब्लॅक फ्रायडे’मधील टायगर मेमनही हेच करतो. जखम आणि स्फोट यांच्यामध्ये नेहमी कोणी तरी बोलणारा आणि कोणी तरी ऐकणारा असतो. ऐकणाऱ्याला न ऐकण्याची मोकळीक असते. नाट्य खरे तर तेथे आहे.

‘हे राम’ या जागेपर्यंत येतो आणि पुन्हा जुन्या सवयीकडे वळतो. रामला अभ्यंकराने जे पटवले ते त्याच्या मनातून कोणत्या युक्तिवादाने उतरते? कोणत्याच नाही. अमजदचा मृत्यू त्याला बदलतो. एका प्रियजनाच्या मृत्यूने तो मारेकरी झाला, दुसऱ्याच्या मृत्यूने तो माणसात आला; विचार दोन्ही वेळा बाहेरच उभा राहिला. मरणाच्या दारात असलेला अमजद मात्र पोलिसांना रामची ओळख पटवून देत नाही. आपल्याला वाचवणारा भाऊ तेवढा आपल्याला ठाऊक आहे, असे सांगून तो जातो. स्वतःवरील आघाताचा सूडाकडे नेणारा अर्थ अमजदसमोरही तयार होता, आणि त्याने तो नाकारला. चित्रपट त्याला उदात्त म्हणतो आणि पुढे सरकतो. नायक होण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

मराठी सौंदर्यविचाराला या प्रश्नाची एक बाजू जुनी परिचित आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना तादात्म्य आणि ताटस्थ्य यांचा मेळ घालू पाहते : आस्वादक पराव्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका विसरत नाही. पुढे या कल्पनेवर पुष्कळ चर्चा झाली. केळकरांचा भर आनंदाच्या मीमांसेवर होता. दहशतवादी नायकाच्या संदर्भात मात्र तीच कल्पना नीतीचा प्रश्न होऊन उभी राहते. यात ‘विकल्प’ कोणी जागा ठेवायचा? प्रेक्षकाने आपल्या संस्कारांच्या बळावर, की कलाकृतीने आपल्या रचनेतून? रसप्रक्रियेच्या परिभाषेत बोलायचे तर साधारणीकरणाने विभाव आपले देश-काल-व्यक्तीचे बंध टाकतात. शोक कोणा एकाचा राहत नाही. करुणाचा हा विजय आहे. पण सूडकथेत शोक शोक राहत नाही, त्याचा क्रोध होतो, आणि साधारणीकरणाचा लाभ मग त्या क्रोधालाही आयता मिळतो. ज्या प्रेक्षकाने पहिल्या अर्ध्या तासात अश्रू ढाळले तो पुढच्या दीड तासासाठी बांधला गेलेला असतो. येथे ‘प्रेक्षक सुज्ञ असतो’ एवढे म्हणून सुटका होत नाही. सुज्ञ प्रेक्षकाला विकल्पासाठी काही आधार कलाकृतीतच सापडावा लागतो.

अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ने (२००४) असा आधार शोधण्याचा प्रयत्न केला, तोही घटनांचा क्रम उलटवून. हुसेन झैदी यांच्या २००२ सालच्या पुस्तकावर आधारलेला हा चित्रपट १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांचा आहे. त्यांत २५७ माणसे मेली. लोकार्नोच्या महोत्सवात २००४ साली तो दाखवला गेला. भारतात मात्र खटल्यातील आरोपींनी हरकत घेतल्याने मुंबई उच्च न्यायालयाने त्याचे प्रदर्शन रोखले, आणि विशेष न्यायालयाचा निकाल येऊ लागल्यानंतर फेब्रुवारी २००७ मध्ये तो पडद्यावर आला. (जिवंत माणसांच्या खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी त्यांच्या मनाचे नाट्य रंगवावे काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि आरोपींची हरकत अगदीच निराधार नव्हती.)

नेहमीच्या रचनेत ६ डिसेंबर १९९२, त्यानंतरच्या दंगली, माहीममधले टायगर मेमनचे जळालेले कार्यालय, मग दुबई, मग प्रशिक्षण आणि अखेरीस स्फोट असा क्रम लागला असता. कश्यप यांनी स्फोट आरंभी ठेवले, मग तपास, अटका, मारहाण, पळापळ. आणि अयोध्या व दंगल शेवटच्या प्रकरणात. परिणाम असा होतो की, प्रेक्षक कारणापर्यंत पोचतो तेव्हा त्याने प्रेते पाहिलेली असतात. सूडाची वाट पाहण्याची जी उत्कंठा जखमेपासून सुरू होणारी कथा निर्माण करते, ती येथे निर्माणच होऊ शकत नाही. कारण समजते, पण त्यातून कृत्य जन्माला येताना पाहण्याचे समाधान मिळत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे.

तरी हा उपाय पूर्ण नाही. शेवटी येणाऱ्या गोष्टीला निर्णयाचे वजन प्राप्त होते. तपासाच्या सर्व धाग्यांचा उगम म्हणून दंगल दाखवली की, ‘अखेर हे यामुळे’ असा शिक्का बसतो. दंगल आणि स्फोट यांचा संबंध होता हे नाकारण्याचे कारण नाही. मे १९९६ मध्ये पुन्हा नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या कक्षेत हा विषय मुद्दाम घालण्यात आला होता, आणि अयोध्या व मुंबई येथील घटनांची ती प्रतिक्रिया होती असाच आयोगाचा निष्कर्ष आहे. परंतु आयोगाच्या अहवालात ‘प्रतिक्रिया’ हा शब्द शेकडो पानांच्या तपशिलात बसलेला असतो. चित्रपटात तो ज्वाळांच्या प्रतिमेत बसतो. शिवाय चित्रपटाने स्वतःच दाखवलेली काही माणसे या कारणपरंपरेत कोठेच बसत नाहीत. रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरवले गेले ते चांदीच्या चोरट्या व्यापाराने घालून दिलेल्या वाटेने. ती वाट मोकळी ठेवण्यासाठी ज्यांनी पैसे घेतले त्या सरकारी नोकरांना कोणती जखम होती? स्फोट जितका संतापाने घडला तितकाच ठरलेल्या हप्त्याने घडला. दुखावलेला माणूस आणि लाच घेणारा माणूस एकाच साखळीत असतात. नाट्याला पहिलाच हवा असतो.

बादशहा खानचे प्रकरण या चित्रपटाचा सर्वांत मौलिक भाग आहे. स्फोटानंतर हा माणूस गावोगाव फिरतो. पैसे संपतात, पारपत्र मिळत नाही, ज्यांच्यासाठी हे केले ते दूरध्वनीवर टोलवाटोलवी करतात. कोणताही सिद्धान्त त्याला भाकरी देत नाही. टायगरने दिलेला अर्थ त्याच्या हातात कसा विरत जातो हे आदित्य श्रीवास्तव यांच्या चेहऱ्यावर दिसत राहते, आणि पुढे पोलीस अधिकाऱ्यासमोर बसल्यावर, ईश्वर कोणाच्या बाजूने होता यावर दोघांत जे बोलणे होते त्यात त्या विरलेल्या अर्थाचे शेवटचे धागे तुटतात. दहशतवाद्याची घडण दाखवणारे चित्रपट पुष्कळ आहेत. ती उसवताना दाखवणारे क्वचित.

मात्र येथे एक खाचखळगा आहे. बादशहा खान हे बदललेले नाव आहे, आणि तो माणूस माफीचा साक्षीदार आहे. म्हणजे चित्रपटात ज्याचे अंतरंग सर्वांत अधिक उलगडले आहे, ते पोलिसांपुढे आणि न्यायालयापुढे दिलेल्या जबानीतून हाती आलेले अंतरंग आहे. चापेकरांचे आत्मवृत्त तुरुंगात लिहिले गेले. गोडसेचे अंतरंग म्हणून जे मराठी रंगभूमीवर १९९८ साली आले आणि ज्यावर तत्कालीन राज्य शासनाने बंदी घातली, त्याच्या मुळाशीही न्यायालयातले निवेदन आहे. कबुलीजबाब आणि कैफियत हे साहित्यप्रकार आहेत, आणि त्यांना आपापले संकेत आहेत. कैफियत देणारा आपल्या कृत्यामागे एक अखंड, सुसंगत कारणपरंपरा उभी करतो. माफी मागणारा आपण कसे बहकवले गेलो ते सांगतो. एक जण स्वतःकडे सर्व कर्तृत्व घेतो, दुसरा ते सर्व दुसऱ्याला देऊन टाकतो. चित्रपट या साधनांवर विसंबतो तेव्हा अंतरंग म्हणून त्याच्या हाती युक्तिवादच लागतो. हा युक्तिवाद आहे याची खूण पडद्यावर राहिली पाहिजे. ‘ब्लॅक फ्रायडे’मध्ये चौकशीच्या खोलीचे दृश्य वारंवार येते, त्यामुळे ती खूण काही प्रमाणात राहते. स्वगताच्या रूपात सादर होणाऱ्या कलाकृतींत ती पुसली जाते.

यावर असे म्हटले जाईल की, कारणेच दाखवू नयेत. मारेकऱ्याला पडद्यावर स्थानच देऊ नये. एरिक पोपे यांनी नॉर्वेतील उटोया बेटावरच्या २०११ मधील हत्याकांडावर २०१८ साली केलेल्या चित्रपटात हाच मार्ग पत्करला. मारेकरी जवळजवळ दिसत नाही. कॅमेरा एका मुलीला सोडत नाही, आणि हल्ला जितका वेळ चालला तितकाच वेळ तिच्याबरोबर राहतो. या नकाराला स्वतःची प्रतिष्ठा आहे. पण सर्वांनी हाच मार्ग धरला तर मारेकरी पुन्हा राक्षस होतो, आणि राक्षसाची जबाबदारी कोणावरच नसते. ना त्याच्यावर, ना त्याला अर्थ पुरवणाऱ्यांवर.

याहून फलदायी रचना मार्गारेटे फॉन ट्रोटा यांच्या ‘दी ब्लायर्ने त्साइट’ (१९८१) या जर्मन चित्रपटात आढळते. पश्चिम जर्मनीतील सशस्त्र गटात गेलेली गुड्रुन एन्सलीन आणि तिची बहीण क्रिस्टियाने यांच्या जीवनावर तो बेतलेला आहे. चित्रपटातल्या मारियाने आणि युलियाने एकाच धर्मोपदेशकाच्या घरात वाढतात. छळछावण्यांवरचा माहितीपट दोघी एकत्र पाहतात आणि दोघींनाही तो सोसवत नाही. आघात एकच, घर एकच, पिढी एकच. बंडखोर खरे तर युलियाने आहे. मारियाने वडिलांची आज्ञाधारक मुलगी. तरी शस्त्र हाती घेते ती मारियाने, आणि युलियाने नियतकालिकात लिहिते, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करते. असे का झाले, याचे उत्तर चित्रपट देत नाही. बालपणाकडे तो पुनःपुन्हा जातो आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परततो. ॲरिस्टॉटलच्या मोजपट्टीवर हे कथानक सदोष ठरेल. कारणाकडून कार्याकडे जाणारी वाट त्याने मुद्दाम मोडून ठेवली आहे. त्या मोडलेल्या जागेतच मारियानेची निवड दिसते. शिवाय कृत्याची किंमत मारियानेच्या मरणाने चुकती होत नाही. तिच्या लहान मुलाला, तो तिचा मुलगा म्हणून, कोणी तरी जाळण्याचा प्रयत्न करते. तो मुलगा मावशीकडे येतो, आईचे छायाचित्र फाडतो, आणि मग तिच्याविषयी सर्व काही सांग म्हणतो. सांगण्याचे काम तेथून सुरू होते.

मुंबईच्या संदर्भात अशी दुसरी बहीण कोठे शोधायची? हंसल मेहता यांच्या ‘शाहिद’मध्ये (२०१२) ती एका अर्थी नायकातच आहे. शाहिद आझमी यांनी १९९२-९३ च्या दंगली किशोरवयात पाहिल्या, काश्मीरमधील एका छावणीपर्यंत ते गेले आणि परतले. पुढे टाडाखाली अटक, तिहार तुरुंग, तेथे शिक्षण, मग वकिली. आणि ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील कार्यालयात त्यांची हत्या. चित्रपट छावणीचा भाग थोडक्यात उरकतो आणि न्यायालयातील कंटाळवाण्या, उकाड्याने भरलेल्या खोल्यांना भरपूर वेळ देतो. साक्षीदाराच्या जबाबातली तारीख चुकलेली आहे, कागदावरची सही जुळत नाही, असल्या गोष्टींवर प्रसंगच्या प्रसंग उभे आहेत. स्वतःच्या आघाताचे दुसरे वाचन म्हणून कायद्याच्या पुस्तकाकडे वळलेला माणूस दाखवताना दिग्दर्शकाला नाट्य कमी पडलेले नाही. छावणीतून परतण्याचा निर्णय मात्र तेथेही क्षणात होऊन जातो. त्यामागचा विचार पुरेसा दिसत नाही, ही त्या चित्रपटाची उणीव होय.

‘ब्लॅक फ्रायडे’च्या आरंभी गुल मोहम्मद नावाचा एक तरुण आहे. स्फोटांच्या तीन दिवस आधी तो नवपाड्याच्या पोलीस ठाण्यात कटाची माहिती देतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. चित्रपट त्याच्याकडे पोलिसांच्या हलगर्जीपणाचा पुरावा म्हणून पाहतो. तो का बोलला, मारहाणीमुळे, भीतीने की आणखी कशाने, याचा शोध चित्रपट घेत नाही. दंगलीत त्याच्याइतकेच, किंवा त्याहून अधिक, पोळलेले शेकडो नागरिक पुढे श्रीकृष्ण आयोगापुढे गेले. जानेवारी १९९६ मध्ये आयोग गुंडाळला गेला, मे महिन्यात पुन्हा सुरू झाला, फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला. त्या सर्व काळात माणसे शपथपत्रे घेऊन येत होती. घर कोणत्या तारखेला जळले, दरवाजा कोणी तोडला, पोलिसांना किती वाजता कळवले, असे एकेक तपशील त्यांत लिहिलेले आहेत. लिहून घेणाऱ्याने समोर बसलेल्या माणसाला पुनःपुन्हा विचारलेले असणार की, पाहिलेस तेवढेच सांग.